वच्छलाबाईच्या उपासावर बसलेल्या बाया

ओळख झाली त्या पहिल्याच दिवशी वच्छलाबाईने मला हाकलून लावलं होतं. राजापेठेतल्या भाजीच्या ओळीत तिचं दुकान. दुकान म्हणजे जमिनीवर अंथरलेलं पोतं, त्यावर मेथी, पालक, संभार म्हणजे कोथिंबीर, भेंडी, आणि मागे पालथ्या कॅरेटवर बसलेली ती. भेंडी कोवळी आहे का ते पाहायला मी एकीचं टोक मोडलं, मग दुसरीचं, मग तिसरीचं.

"ओ मॅडम!" असा आवाज आला की रस्त्याने जाणारी एक स्कूटी थबकली. "तीन भेंड्याईचे मुंडके मोडले तुमी. आता ह्या कोनाले इकू? घ्याच्या असन तं घ्या, नाईतं निंगा इथून."

आवाज माझाही कमी नाही. बाजूच्याच इमारतीत मी अकरावी-बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवते, माईक लागत नाही. आम्ही भर बाजारात कडाकडा भांडलो आणि शेवटी पाव किलोच्या जागी अर्धा किलो भेंडी घेऊन मी पाय आपटत घरी गेले. भेंडी इतकी चांगली निघाली की दुसऱ्या दिवशी नाक मुठीत धरून तिच्याकडेच जावं लागलं. तिने भेंडी तोलून दिली. पिशवीत मूठभर संभार फुकट टाकला, एवढंच. तेव्हापासून मी तिची गिऱ्हाईक राहिले नाही, ओळीतलीच एक झाले.

माळ्याच्या घरची बाई. नवरा उत्तमराव आणि मुलगा शेखर नांदगाव खंडेश्वरकडच्या शेतात भाजीपाला पिकवणार, ही अमरावतीत विकणार, असा संसार. उत्तमराव अगदीच मुखदुर्बळ. दोघांच्या वाटणीचं बोलणं लग्नापासून हिनेच उचललेलं. तिने मेथीची आरोळी दिली की बाकीच्या बाया आपापली आरोळी गिळून टाकायच्या, कारण काही उपयोग नसायचा. क्लासच्या पोरांनी ओळीसमोर गाड्या आडव्या लावल्या की त्यांना हुसकायचं काम तिचं. माझी पोरं मला भीत नव्हती, तिला भीत होती.

त्या ओळीत एक रीत आहे, ती आधीच सांगून टाकते. कुणाला दवाखान्यात, लग्नात, मयतीला जायचं असलं तर तिचं दुकान बंद होत नाही. शेजारची बाई तिच्या जागेवर बसते. दोन्ही ढीग एकटी विकते, पण पैसा ज्याच्या त्याच्या डब्यात. बसणारीचा त्यात छदाम नसतो. धनीण परत आली की उभ्या उभ्या म्हणते, "ऊठ व, माही जागा." बसणारी उठते. आभारबिभार नाहीत. कुणी मानायला गेलंच तर वरून शिव्या बसतात.

दोन वर्षांपूर्वी वच्छलाबाईचा आवाज बसला. तंबाखू तिचा जुना सोबती. सकाळी चहाच्या आधी चुना लावलेली चिमूट गालात जायची आणि झोपेपर्यंत ती जागा रिकामी राहायची नाही. अकोल्याच्या दवाखान्यात स्वरयंत्राचा कॅन्सर निघाला. मशीनचे शेक, म्हणजे रेडिएशन, दिले. आवाज बराचसा परतला, तंबाखू सुटला असं ती म्हणाली आणि आम्ही खूश झालो. यंदा दिवाळी आटोपली आणि आवाज पुन्हा बसला. ह्या खेपेला श्वास घेतानाही शिट्टी वाजायला लागली. रोग त्याच जागी परतला होता.

"मॅडम, तुमी चला आमच्यासंगं अकोल्याले," तिची सून वर्षाली म्हणाली. "डाक्टर सांगते थे आमाले समजत नाई. तुमी शिकवता ना थे."

मी बेडकाचं हृदय शिकवते. पण गेले.

डॉक्टर सुगत तायडे वयाने माझ्याएवढेच, अकोल्याचेच, त्यामुळे पेशंटशी घरच्यासारखं बोलणारे. त्यांनी फिल्म पाहिली, गळ्यात दुर्बीण घालून पाहिलं आणि सरळ सांगितलं, "काकू, शेक आता पुन्हा देता येत नाई. स्वरयंत्र काढा लागते. गळ्याले इथी समोर एक भोक राहीन, जलमभर त्याच्यातूनच श्वास. बोलण्यासाठी आत एक झडप बसवता येते, पण ते मंगचं."

"मरत तं नाई ना मी?" वच्छलाबाई घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"ऑपरेशननं नाई मरत. मले भेव आहे थे त्याच्या मंगचं."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी चार-चारदा विचारून पक्कं केलं. स्वरयंत्र काढल्यावर घशाची नळी आतून पुन्हा शिवावी लागते. तो टाका धरला नाही, तर गिळलेली थुंकी आणि अन्न मानेतून बाहेर पाझरायला लागतं. मग महिनोन् महिने तोंडाने खाणं बंद, जखमेत पू, आणि तिथेच शेजारी मेंदूकडे जाणारी मोठी नस. पू तिच्यापर्यंत पोचला आणि ती फुटली तर माणूस हातचा जातो.

"सगळ्यांचं असं होतं का?" मी विचारलं.

"नाई. पण काकूचं होऊ शकते," ते म्हणाले. "एक तं शेक घेतलेले. शेकलेलं मांस लवकर भरत नाई. थे होऊन गेलं, त्याले इलाज नाई. मी छातीचा ताजा मांसाचा पट्टा वळवून त्याच्यावर लावीन. पण हे पाहा." त्यांनी रक्ताचा कागद आमच्याकडे वळवला. रक्त कमी. अंगातली प्रथिनं त्याहून कमी. शेकामुळे थायरॉइडही मंदावलेली. वजन तर साडी नेसवलेल्या काठीएवढं. शुगरचा आजार तेवढा नव्हता, हेच नशीब. "अन् तंबाखू?"

"सोडला," वच्छलाबाई म्हणाली.

"तोंड उघडा."

तिने तोंड मिटून घेतलं.

उत्तमराव कधी बोलत नाहीत, ते त्या दिवशी बोलले. "डाक्टरसाहेब, म्हंजे भाजलेल्या वाफ्यात रोप लावाचं, अन् खत बी नाई, पानी बी नाई. तं थे धरन कसं?"

"काका, बस एवढंच मी काकूले सांगून राहिलो," डॉक्टर म्हणाले. "तीन आठवडे देतो. त्याच्यावर थांबता येत नाई, रोग थांबत नाई. श्वास जास्त अडकला तं त्याच्याही आधी या. पण या तीन आठवड्यांत गोळ्या घ्याच्या, तंबाखूचं नाव काढाचं नाई, अन् खाचं. अंडे, डायवरन, दूध, दही, जे घशाखाली उतरन थे. टाके मी चांगले घालतो काकू. भरून आणाचं काम तुमच्या रक्ताचं आहे."

येताना गाडीत वर्षाली घाबऱ्या चेहऱ्याने डॉक्टरांनी सांगितलेलं खाणं बोटांवर मोजत होती. मला मात्र हायसं वाटत होतं. खायचंच तर आहे, त्यात काय कठीण, असा माझा हिशेब.

वर्षालीने कंबर कसली. अंड्याची भाजी, मुगाचं वरण, पालकाची पातळ भाजी, दह्यात कालवलेला मऊ भात. वच्छलाबाई घरी बसायला तयार नव्हती, म्हणून डबा रोज दुकानावर पोचायचा आणि संध्याकाळी रिकामा, वर धुतलेला परत जायचा. आठवड्याने वर्षालीने तिला मेडिकलवाल्याच्या काट्यावर उभं केलं. वजन वाढलं नव्हतं. उलट कमीच भरलं.

"काटा बिघडला असन," वच्छलाबाई म्हणाली.

काटा बिघडला नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी वर्षाली आणि मी दुकानाजवळ उभ्या होतो, तेवढ्यात बंडू ऑटोवाला आला. त्याचा ऑटो ओळीच्या टोकालाच लागलेला असतो. तोंडभर हसून म्हणाला, "वहिनी, कालची अंड्याची भाजी, कसम से, एक नंबर! पन परवाच्या वरनात हिंग जास्त झाला होता."

वर्षालीने त्याच्याकडे पाहिलं, मग सासूकडे. वच्छलाबाई एकाएकी मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडायला लागली. बंडूला काय झालं ते कळेना. "काकू म्हने पोट भरलं, तू खाऊन घे, मनून मी..." असं म्हणत तो दोन पावलं मागे सरला आणि ऑटोत जाऊन बसला.

वर्षाली ही तशी शांत पोरगी. ती रस्त्यातच रडायला लागली. मी नाही रडले, मी भडकले. "काकू, डोकं ठिकाणावर आहे का? इकडे पोरगी पहाटे उठून रांधते आणि तुम्ही..."

"मले उपास आहे," ती म्हणाली.

"कशाचा?"

कशाकशाचा नव्हता! सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार, शनिवार मारुतीचा, वरून चतुर्थी आणि एकादशी. मधले जे दिवस उरत, त्या दिवशी घरच्यांना वाढून झाल्यावर जे राहील ते, आणि सवयीने काही राहायचंच नाही. पहिल्या वेळी शेक सुरू असताना डॉक्टरच्या धाकाने तिने उपास मोडले होते. रोग परतला तो त्याच पापाने, असं तिने मनाशी धरलं होतं. म्हणून ह्या वेळी देवीला शब्द दिलेला, की बरी होईपर्यंत एकही उपास चुकणार नाही. ज्याने जखम भरायची तेच ती बरं होण्यासाठी सोडत होती.

मी आंबेडकरी घरातली. आमच्याकडे उपासतापास नाहीत, आणि मला त्यांचा मनापासून राग आहे. तो सगळा मी त्या दिवशी तिच्यावर काढला. आधी पोटोबा मग विठोबा, हेही ऐकवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमचं तुमच्यापाशी बराबर असन, मॅडम," ती म्हणाली. "मी शबुद देल्ला आहे. एकडाव मोडला तं आवाज गेला. आता पुन्हा मोडू, अन् जीव देऊ?"

 प्रथिनांचा आख्खा धडा मला पाठ आहे, पण भिऊन बसलेल्या माणसापुढे धडा वाचून काय होतं? मी तोंड फुगवून उभी राहिले. वेळ तर चालला होता.

तोडगा काढला गोदाबाईने. गोदाबाई लिंबू-मिरचीवाली, वच्छलाबाईची शेजारीण, गुडघ्यांनी बेजार आणि जिभेने तिखट. ती इतका वेळ लिंबं पुसत सगळं ऐकत होती. तिथूनच म्हणाली, "वच्छले, तू शेक घ्याले अकोल्याले जाये, तवा तुह्या जाग्यावर कोन बसे?"

"तू."

"मंग मी मेथी इकली, तं पैसा कोनाचा?"

"माहा."

"मी कधी त्यातला घेतला?"

"असं कावून बोलतं व? कधीच नाई."

"मंग तुह्या उपासावर मी बसली, तं पुन्य कोनाचं?"

वच्छलाबाई हातातली जुडी ठेवून गोदाबाईकडे वळली. तीस वर्षं त्याच रीतीवर ती जगलेली. रीत खोटी म्हणावी तर सगळी ओळच खोटी ठरत होती.  जे मला जीवशास्त्राने जमलं नाही ते हिने लिंबाच्या ढिगावर बसून करून टाकलं.

"देवीले चालन काय पन?" वच्छलाबाईने हळूच विचारलं.

"तिलेच इचारू ना," गोदाबाई म्हणाली. "तिचं देऊळ काय लंडनले आहे?"

त्याच संध्याकाळी ओळीतल्या बाया अंबादेवीला गेल्या. मी बाहेर चपला राखत बसले. आतलं वर्षालीने सांगितलं. गोदाबाई देवीसमोर उभी राहून म्हणाली म्हणे, "माय, ही वच्छला. तू ओयखतंच. हिचे सगये उपास आजपासून आमी वाटून घेतले. उपाशी आमी राहू, पुन्य हिच्या डब्यात टाकजो. चालत नसन तं आत्ताच सांगून दे." सगळ्या थोडा वेळ वाट पाहत उभ्या राहिल्या. देवी काही बोलली नाही. "चालते मनते," गोदाबाईने जाहीर केलं आणि बाया बाहेर आल्या. इतका नीट झालेला सौदा मी दुसरा पाहिला नाही.

सोमवार लसूणवालीने घेतला, गुरुवार केळीवालीने, चतुर्थी-एकादशी कांदेवालीने. मंगळवार आणि शनिवार गोदाबाईने स्वतःकडे ठेवले. हिला भूक अजिबात सहन होत नाही हे सगळ्या ओळीला ठाऊक. त्या दोन दिवशी राजापेठेत लिंबं महाग व्हायची आणि घासाघीस करणाऱ्याचं काही खरं नसायचं.

तंबाखूचंही तेव्हाच ठरलं. आमच्याकडे भेटल्यावर नमस्काराच्या आधी तंबाखूची डबी पुढे येते, नाही म्हणणं म्हणजे नातं तोडणं. बायांनी डब्या दुकानावर आणणंच बंद केलं. गोदाबाईला तेवढं जमेना. ती मधेच "गुडघे मोकळे करून येतो" म्हणून बंडूच्या ऑटोमागे जायची आणि गाल फुगवून परत यायची. वच्छलाबाईला वास लागायचा. ती मान फिरवून बसायची, पण मागितला तिने एकदाही नाही.

तरी एक अडचण राहिलीच. आपल्यासाठी उपाशी बसलेल्या बाईसमोर खायचं कसं? पहिल्या दिवशी डबा उघडून ती नुसती बसून राहिली. तेव्हा गोदाबाई माझ्यावर घसरली, "मॅडम, तुमाले उपास चालत नाई ना? मंग जेवण तं चालते! बसा इच्यासंगं."

असं माझं काम ठरलं. दुपारची बॅच सुटली की मी डबा घेऊन खाली यायची आणि दुकानामागे पोत्यावर बसायची. दोघींचे डबे मध्ये उघडायचे. वच्छलाबाई मी जेवायची वाट पाहायची. आयुष्यभर शेवटी जेवलेली बाई, तिचा हात आधी उठतच नव्हता. मीही हट्टाला पेटले. "तुमचा पहिला घास पडल्याशिवाय मी हात लावत नाही," म्हणाले. दोन हट्टी बाया थंड होत चाललेल्या वरणाकडे बघत बसलेल्या, आणि वर माझी पुढची बॅच गोंधळ घालतेय. शेवटी तिने माझ्याच डब्यातला अंड्याचा रस्सा बोटाने उचलला आणि चाखला.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

माझ्या आजीला तिच्या गावात पाणी वरून ओतून द्यायचे, हे मी आजीच्याच तोंडून ऐकलेलं. वच्छलाबाईला त्यातलं काही आठवलं की नाही, मला माहीत नाही. मला आठवलं. मी म्हटलं, "उद्या जास्त टाकते." तिने भाकर कुस्करली आणि जेवायला लागली.

त्यानंतर ती रोज जेवली. गिळताना दुखायचं, डोळ्यांत पाणी यायचं, मधेच ठसका लागायचा, पण जेवली. सकाळी दूध, दहा वाजता लसूणवालीकडचे उकडलेले शेंगदाणे कुटून, दुपारी आमचे डबे, चार वाजता बंडूने आणलेलं दही. बिचारा बंडू इतका ओशाळला होता की दह्याचे पैसे घेईना. ओळीतली प्रत्येक बाई येता-जाता विचारायची, "खाल्लं काय व?" तिच्या अंगावर मांस दिसायला लागलं. माझ्या तर इतकं दिसायला लागलं की ब्लाउज उसवावे लागले.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी डॉक्टर तायड्यांनी नवा कागद पाहिला. मग जुना काढला आणि दोन्ही शेजारी ठेवले. प्रथिनं चढली होती, रक्त चढलं होतं, थायरॉइडची गोळी लागू पडली होती. "काकू, तोंड उघडा," ते म्हणाले. ह्या वेळी तिने आ करून दाखवलं.

"काय केलं तुमी?"

"मी काई नाई केलं," वच्छलाबाई म्हणाली. "उपास तं बायांनं केले."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मोठी गोष्ट आहे, मग सांगते.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ओळीतल्या बायांनी फोन केला. तिने एकेकीला नाव घेऊन हाक मारली. तिचा स्वतःचा आवाज, घोगरा का होईना, आम्ही ऐकला तो शेवटचा. मी दाराबाहेर जाऊन रडून घेतलं, खोटं कशाला सांगू?

ऑपरेशन दिवसभर चाललं. बाहेर आली तेव्हा गळ्याला भोक, नाकातून अन्नाची नळी, छातीपासून मानेपर्यंत टाके. बोलता येईना म्हणून टाळ्या वाजवून नर्सला बोलवायची, आणि त्या टाळ्यांतही तिचा स्वभाव कळायचा. शेजारच्या खाटेवर नत्थुजी नावाचे गृहस्थ होते. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी घोटलेला, खाणारे. ऑपरेशनला येईपर्यंत खर्रा चालू होता, खाणं सुटलेलं होतं. त्यांचा टाका सुटला होता. मानेवरची पट्टी दिवसातून कितीदा बदलावी लागायची, आणि घरची माणसं भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. वच्छलाबाई त्यांच्याकडे पाहायची, मग माझ्याकडे. जे घडायला नको ते एक हात अंतरावर होतं. मी तिचा पाय दाबत बसायची, दुसरं काय करणार?

पुढे पंधरवड्याने परीक्षेचा दिवस आला. डॉक्टरांनी तिच्या मानेवर पांढरीशुभ्र पट्टी ठेवली आणि हातात निळ्या पाण्याचा पेला दिला. टाका कुठे उघडा असेल तर पट्टी निळी होणार. वर्षालीने माझा दंड धरला. उत्तमराव खिडकीतून बाहेर बघायला लागले. वच्छलाबाईने पेल्याकडे पाहिलं, मग आम्हा सगळ्यांकडे, आणि पहिला घोट घेतला. गिळला. दुसरा घेतला. पेला रिकामा करून खाली ठेवला.

डॉक्टरांनी थोडं थांबून पट्टी उचलली. उजेडात धरली. उलटून पाहिली.

पट्टी पांढरी होती.

"धरला टाका," ते म्हणाले, आणि एवढा मोठा सर्जन पोरासारखा हसला. उत्तमरावांनी खिडकीकडे तोंड ठेवूनच उपरण्याने डोळे पुसले. मी राजापेठेला व्हिडिओ कॉल लावला आणि काही न बोलता ती पट्टी मोबाइलसमोर धरली. तिकडून जो गलका झाला तो आख्ख्या वॉर्डाने ऐकला. गोदाबाईने समोरच्या गिऱ्हाइकांना म्हणे लिंबं फुकट वाटली, आणि संध्याकाळी त्याचा पस्तावा केला. नत्थुजींनीही खाटेवरून हात जोडले. त्यांची जखम पुढे उशिरा का होईना भरली, तेही डॉक्टरांनी मला सांगितलं.

मग घरी शिकणं सुरू झालं. गळ्यावर सुती फडकं बांधायचं, भोकात पाणी जाऊ द्यायचं नाही. भाजीवर पाणी शिंपडणाऱ्या बाईला हे सांगणं म्हणजे मोठीच शिक्षा. वासही गेला, कारण श्वास नाकातून जात नाही. उत्तमराव शेतातून मेथीची जुडी घेऊन आले, तिने सवयीने नाकाला लावली आणि काहीच कळेना तेव्हा तशीच धरून बसली. त्या दिवशी ती खूप रडली, पण रडण्याचा आवाज नव्हता. दुसऱ्या दिवशी तिने तीच जुडी बोटांनी चाचपून निवडली. नंतर बसवलेल्या आवाजाच्या झडपेचं मात्र ती आम्हाला काही सांगेना. फडक्यावर अंगठा दाबायचा आणि पोटातून बोलायचं, असं डॉक्टरांनी शिकवलं होतं. जमतं का विचारलं की हात हलवायची. मी निघाले की वर्षाली दार लावून घ्यायची, आणि आत दोघींचं काहीतरी चालायचं.

उन्हाळा लागला होता. एका मंगळवारी क्लासच्या खिडकीतून मी बंडूचा ऑटो ओळीसमोर थांबताना पाहिला. वच्छलाबाई उतरली. गळ्यावर पांढरं फडकं, नेहमीची हिरवी साडी. मी पोरांना वाऱ्यावर सोडून खाली पळाले.

तिच्या जागेवर गोदाबाई बसली होती, उपाशीपोटी, म्हणजे भांडायला तयार. मान खाली घालून संभाराच्या जुड्या बांधत होती. समोर सावली पडली तशी वर न बघता म्हणाली, "काय पायजे बाई? भाव कमी होनार नाई."

वच्छलाबाईने फडक्यावर अंगठा दाबला.

"ऊठ व गोदे. माही जागा."

तो जुना आवाज नव्हता. जाड, खरखरीत, विहिरीतून आल्यासारखा. रस्त्यावरची एकही स्कूटी थांबली नाही. पण ओळीतल्या सगळ्या बायांचे हात जागच्या जागी थांबले. लसूणवालीच्या तागडीतला लसूण खाली सांडला.

गोदाबाई गुडघे धरत उठली. त्या ओळीत कुणी कधी केलं नाही ते तिने केलं, धनिणीच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली. फडक्याला धक्का लागू नये म्हणून मी दोघींच्या मध्ये हात घातला आणि मीच रडायला लागले. वच्छलाबाईने आम्हाला ढकललं आणि कॅरेटवर जाऊन बसली. जुड्या सरळ केल्या, पैशांचा डबा मांडीशी ओढला, न मोजता.

"अन् उपासाचं काय व?" गोदाबाई डोळे पुसत म्हणाली. "आज मंगळवार आहे. मी सकायपासून चहावर आहो."

अंगठा पुन्हा गळ्यावर गेला. "मी आली ना जाग्यावर. तू उतर. देवीसंगं मी बोलतो आता." मग एक दम घेऊन, "ज्योत्स्ना, डबा आन."

इतक्या वर्षांत तिने मला पहिल्यांदा नावाने हाक मारली. मी वर जाऊन डबा आणला. दुकानामागच्या पोत्यावर आम्ही बसलो, ती, मी, गोदाबाई, आणि ज्या ज्या उपासावर बसल्या होत्या त्या साऱ्या. पातळ भाजी, भाकरी, अंड्याचा रस्सा. सवयीने मी हात आवरून बसले. बायाही थांबल्या.

वच्छलाबाईने कुणाकडे पाहिलं नाही. भाकरीचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला आणि आधी स्वतःच्या तोंडात घातला. सावकाश चावला. गिळला. आम्ही सगळ्या तिच्या गळ्याकडे बघत होतो.

तिने अंगठा फडक्यावर ठेवला.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.